चौकटीची डावी बाजू

बँकेनं कोलकात्याला बदली केल्यावर मी मोबाईलवर नीट फोटो काढायला शिकू लागलो. माणूस मधोमध नव्हे, कडेला घ्यायचा, हा पहिला धडा. हावड्याच्या लाँचमध्ये कठड्याशी एक गृहस्थ रोज पाठमोरे उभे असत. डोक्यात माकडटोपी, काखेत छत्री. पलीकडे पूल. माझ्या लेखी ते म्हणजे चौकटीची डावी बाजू.

एकदा ते वळून हिंदीत म्हणाले, “दादा, रोज पाठच काढता. तोंड इतकं वाईट नाही माझं.”

मी ओशाळलो. जवळ जाऊन चेहराच काढला, अगदी मधोमध. त्यांनी फोटो निरखून पाहिला. “आणि पूल?”

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि पूल मावावा म्हणून स्वतःच थोडे माझ्या डावीकडे सरकले.