एझ्राकाकांचं दार

एझ्राकाकांचे किस्से ठरवून सांगायला मी कधी बसत नाही. एक निघाला की त्याच्या मागनं दुसरा येतो, दुसऱ्यामागनं तिसरा, आणि सगळ्यांच्या शेवटी बाबांचा येतो. तो आला की मला वाईट वाटतं. म्हणून तो शेवटीच ठेवते.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. जालन्यात स्टेशनजवळ आमचं मिशनचं कंपाउंड आणि कुंपणापलीकडे रेल्वेचे क्वार्टर. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर. जुना करार त्यांना जवळजवळ पाठ होता. एके दिवशी शेजारच्या क्वार्टरमध्ये एझ्राकाका आणि रिबकाकाकू राहायला आले. काका सिग्नलचे मिस्त्री, मूळचे अलिबागकडचे, घरात मराठीच बोलणारे यहुदी. बाबांना आनंद कुठं ठेवू आणि कुठं नको असं झालं. ज्यांच्याबद्दल जन्मभर वाचलं, ते लोक आपल्या आडावर पाणी भरतायत!

पहिल्याच संध्याकाळी बाबांनी कुंपणावरून विचारलं, "तुम्ही कोणत्या वंशातले? यहुदाच्या की लेवीच्या?"

काका म्हणाले, "आम्ही तेली, मास्तर. आजोबांचा घाणा होता."

*

त्यांचा पुरीमचा सण आला. काकूंनी मला करंज्या खायला बोलावलं आणि काकांनी एस्तेरची गोष्ट वाचून दाखवली. दुष्ट हामानाचं नाव आलं की पाय आपटायचे, अशी त्यांची रीत. मी इतके आपटले की काकूंच्या फळीवरची पितळी खाली आली. काका म्हणाले, "शाबास, पोरी! हामान मेला."

पुढं गुड फ्रायडेला आमच्या मिशनच्या देवळात पाळकसाहेब बायबल वाचायला उभे राहिले. सगळे माना खाली घालून बसलेले. येशूला क्रुसावर देणाऱ्या पिलाताचं नाव आलं आणि मी दोन्ही पाय आपटले.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "बराबर माणूस निवडला, पण जागा चुकली." मारलं मात्र नाही.

*

यहुद्यांच्या वल्हांडण सणाचा धडा बाबा दर वर्षी वर्गात शिकवायचे. यहुदी लोक मिसरातून घाईनं निघाले, खमीर घालून पीठ फुगवायला वेळ नव्हता, म्हणून बेखमीर भाकरी. पोरं घडाघडा म्हणायची.

त्या वर्षी ईस्टरला आईनं पाव भाजले. मिशनच्या बाईंकडून ती शिकली होती. पहिली गरम ताटली तिनं मोठ्या मायेनं काकूंकडे नेली. काकू उंबऱ्याच्या आत उभ्या. त्यांनी ताटली घेतली नाही. त्या स्वतःच बाहेर आल्या, पायरीवर आईजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, वल्हांडणाचे आठ दिवस आमच्या घरात खमीर येत नाही. राग मानू नका."

आई ताटली घेऊन परत आली. बाबा म्हणाले, "अगं, मी दर वर्षी शिकवतो की!"

आई म्हणाली, "तुम्ही शिकवता ते कुणी खरंच पाळून राह्यलंय, हे मला काय ठावं?"

*

यानंतरचा किस्सा हसण्यासारखा नाही.

त्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस असतो. काकांच्या घरी त्याला दार लावायचा सण म्हणत. दिवसभर उपास, दार बंद, कुणाकडं जाणं नाही, येणं नाही. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी काका पांढरे कपडे घालून आमच्या ओसरीवर आले. बाबा पाळकसाहेबांशी बोलत बसले होते. काकांनी हात जोडले. "मास्तर, वर्षभरात माझ्याकडून काही वावगं बोललं गेलं असेल, तर माफ करा."

बाबांना पाळकसाहेबांपुढं आपलं ज्ञान दाखवायची हौस आली. त्यांनी बायबलातला लेवीयाचा सोळावा अध्याय काढला, मंदिरात याजकानं बकरा अर्पून प्रायश्चित्त करायचं, असं सांगणारा. "पण मंदिर न्हाई, याजक न्हाई, बकरा न्हाई. मंग एझ्राभाऊ, तुमचं प्रायश्चित्त होतं तरी कसं?"

काकांनी जोडलेले हात सोडले. मग म्हणाले, "ते देव बघेल. मी तुमच्याकडं आलो होतो."

आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचं दार बंद. बाबा कुंपणाजवळ चकरा मारत होते. तिसऱ्या दिवशी दार उघडलं. आई म्हणाली, "जा की. दहा पावलांवर घर आहे."

बाबा म्हणाले, "असं न्हाई. पुढल्या वर्षी त्यांच्याच दिवशी जातो. रीतीनं."

काका पहिल्यासारखेच बोलायचे, काकू करंज्या द्यायच्या. बाबाच त्यांच्यासमोर डोळे वर करीनात.

*

उन्हाळ्यात बाबांची बदली तीर्थपुरीच्या शाळेत झाली. पावसाळा संपत आला तसे बाबा गावातल्या जोशीबुवांकडे गेले आणि त्यांचं पंचांग मागितलं. यहुद्यांचा सण काढायला ख्रिस्ती मास्तर अमावास्या शोधतोय, हे बघून जोशीबुवांना राहवेना. "मास्तर, मुहूर्त कशाचा काढून राह्यलात?"

"माफी मागायचा."

जोशीबुवांनी पंचांग दिलं, पण म्हणाले, "त्याला मुहूर्त लागत न्हाई."

बाबांनी अमावास्येपासून दहावा दिवस मोजला आणि त्याच्या आदल्या दुपारी जालन्याला पोचावं म्हणून एक दिवस आधीच मला घेऊन बैलगाडीनं निघाले. पांढरा सदरा घातला होता. वाटेत एकच वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत होते. क्वार्टरपाशी पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार होती. बाबांनी कडी वाजवली.

दार एका दाढीवाल्या म्हाताऱ्या गार्डसाहेबांनी उघडलं. एझ्राकाकांची महिन्यापूर्वीच बदली झाली होती. कुठं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. चौकटीवर जिथं काकांची, आत प्रार्थनेचा कागद गुंडाळून ठेवलेली नळी असायची, तिथं खिळ्यांची दोन भोकं राहिली होती.

बाबा हलेनात. गार्डसाहेबांनी विचारलं, "काम क्या था?"

बाबांनी हात जोडले. "माफी माँगने आया था."

गार्डसाहेबांनी बाबांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग दार पूर्ण उघडलं.

"माफ किया, मास्टरसाब. अंदर आओ, पानी पियो."