दारामागची पाचर

कार्ड हातात पडलं तेव्हा बाबांना जाऊन चार दिवस झाले होते. आषाढात दिघी-आगरदांड्याची होडी बंद, म्हणून टपाल म्हसळ्यावरून फिरून आलं. मी चौथीच्या वर्गावर होते. पोस्टमनने खिडकीतूनच कार्ड आत धरलं आणि नेहमीसारखं ‘बाई, पत्र’ म्हणाला नाही, त्यावरून मी काय ते ओळखलं. ‘आपले वडील शांतपणे गेले. अंत्यविधी संस्थेने उरकला.’ एवढंच. मी कार्ड हजेरीपटात ठेवलं आणि उरलेला तास शिकवला. काय शिकवलं ते विचारू नका.

तेराव्याला गाव जमलं. माणसं चांगलंच बोलली. देवमाणूस, कधी कुणाशी तंडला नाही... आणि मग सगळे एकाच ठिकाणी येऊन थांबत होते. ‘शेवटी डोकं गेलं बिचाऱ्याचं, आन् गावाची शेतं बुडाली.’ मी चहा देत होते आणि ऐकत होते. ते शेवटचं वाक्य जसं बोललं जातं तसं खरं नाही. हे जगात मला एकटीला ठाऊक आहे. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या गावची भातशेती खाडीच्या भरतीपेक्षा खाली आहे. मध्ये मातीचा बांध आणि बांधाच्या पोटात उघाडी, म्हणजे एक दगडी मोरी. ओहोटीला तिची सागाची फळी वर ओढायची, की शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती चढायच्या आत फळी खाली सोडायची आणि वर लाकडाची पाचर ठोकायची. एकदा चुकलं तर खारं पाणी आत शिरतं आणि पुढचे दोन-तीन पावसाळे त्या जमिनीत गवतही धड उगवत नाही. हे काम आमच्या घरात आजोबांपासून होतं. फळी उघडी असली की पाचर आमच्या दारामागच्या खिळ्याला दोरीने टांगलेली असायची, आणि फळी लावली की खिळा रिकामा. आई असताना ती स्वयंपाकघरातून मान वाकडी करून खिळ्याकडे बघायची आणि मगच आम्हाला वाढायची. नबाबाचं संस्थान विलीन झालं त्या वर्षी शाळेत झेंडावंदन झालं. पाहुण्यांचं भाषण ऐन रंगात आलेलं असताना बाबा उठून चालू लागले. हेडमास्तर चिडले. बाबा जाता जाता म्हणाले, ‘गुर्जी, सरकार बदललं, भरती न्हाय बदलली.’ लोक हसले. पण सगळे सरकून त्यांना वाट देत होते, हे मला आजही दिसतं.

मी नवरा गेल्यावर माहेरी परत आले आणि शाळेत लागले. साठ साल उलटलं त्या सुमारास पहिल्यांदा मला भीती वाटली. आम्ही दोघं बांधावर उभे होतो. बाबांनी शांतपणे विचारलं, ‘बाय, दर्या कुठल्या अंगाला गो?’ दर्या समोर होता. मला वाटलं थट्टा करतायत, म्हणून मीही हसले. ते हसले नाहीत. मग हळूहळू एकेक गोष्ट सुटत गेली. शेजाऱ्यांची नावं, जेवण झालं की नाही ते, आई गेली ते. एकच प्रश्न मात्र वाढत गेला. ‘उघाडी लावली का गो?’ सकाळपासून वीस वेळा, तीस वेळा. मी गावाला काही कळू दिलं नाही. काम काढून घेतलं तर बाबा जगणार नाहीत, असं मी मनाशी धरून बसले होते. रोज त्यांच्यामागून बांधावर जायचं, फळी हाताने दाबून बघायची, आणि घरी येऊन सांगायचं, ‘लावली बाबा.’ ते लगेच निवांत व्हायचे. स्वतःवरचा विश्वास उडाला होता त्यांचा, माझ्यावरचा नाही.

भाद्रपदातली पौर्णिमा होती. उधाणाची भरती भर दुपारची, म्हणजे नऊ-दहाच्या आत फळी खाली हवी. आणि नेमका त्याच दिवशी शाळेत तपासणीला दिपोटी येणार होता. मी पातळाच्या निऱ्या करत होते आणि बाबा दारात उभे राहून विचारत होते. पाचदा उत्तर दिलं. सहाव्यांदा माझं डोकं सटकलं. त्यांचे पाय चिखलाने भरलेले होते, तेव्हा जाऊन आले असणार असं मी धरलं आणि ओरडले, ‘लावली हो लावली! माझ्या डोळ्यांनी बघितली!’ ते म्हणाले, ‘मंग झालं,’ आणि ओटीवर जाऊन बसले. दार मीच ओढून घेतलं. त्याच्यामागे बघितलं नाही.

दिपोटी मुलांना पाढे विचारत होता तेव्हा बांधाकडून आरडाओरडा ऐकू आला. मी धावत गेले. पाणी काही लोंढ्याने येत नव्हतं. अगदी सावकाश, आवाज न करता, फुलोऱ्यावर आलेल्या भातात पसरत होतं, आणि बायका बांधावर नुसत्या उभ्या होत्या. तिसऱ्या प्रहरी घरी आले. पाचर खिळ्याला होती.

दुसऱ्या दिवशी देवळात पंच बसले. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, ‘माझ्या बायनं सांगितलं, लावली म्हनून.’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एकच शब्द बोलायचा होता. शाळा, पगार, गाव, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं, आणि मी म्हणाले, ‘त्यांना हल्ली काही आठवत नाही हो...’ बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली. ‘व्हय. आसंल तसं.’ पंचांनी काम दुसऱ्याकडे दिलं, नवी पाचर केली. जुनी आमच्याकडेच राहिली.

पुढचं सगळं उतरणीला लागल्यासारखं झालं. बाबा बांधाकडे धावायचे आणि लोक त्यांना धरून आणायचे. ज्यांची शेतं गेली होती ते आता त्यांना भीत होते, पुन्हा फळी उघडतील म्हणून. शेवटी मी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे ते दिवसातून दोनदा उठून दाराकडे जात, म्हणून नर्सेस त्यांचा हात पट्टीने खाटेला बांधून ठेवत. डॉक्टर म्हणाले, ‘यांना वेळेचं भान राहिलेलं नाही.’ पण ते उठायची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकत होती. मी तिथी मोजली. ती भरतीच्या आधीची वेळ होती, रोज, न चुकता. डॉक्टरांना सांगितलं तर ते माझ्याकडेच काळजीने बघू लागले. दवाखान्याने तीनदा घरी पाठवलं, तीनदा परत न्यावं लागलं. मग घाटावरच्या एका धर्मादाय संस्थेत, म्हाताऱ्यांच्या घरात ठेवलं. तिथून समुद्र किती लांब! तरी त्यांची वेळ तीच, आणि हात तिथेही बांधलेला. मी भेटायला जायची तेव्हा त्या वेळेच्या आधीच माझी नजर दाराकडे जायची.

गेल्या वैशाखात शेवटची गेले. ठरवून गेले होते. त्यांनी मला ओळखलं नाही, तिथलीच कुणी बाई समजले. मी त्यांचा बांधलेला हात सोडला, तो हातात घेतला आणि सांगून टाकलं, ‘बाबा, त्या दिवशी उघाडी लावलेली नव्हती. तुमच्या मुलीने बघितलंच नव्हतं. ती खोटं बोलली.’

त्यांनी हात हिसकावून घेतला. इतके चिडलेले बाबा मी जन्मात पाहिले नव्हते. ‘तू कोन गो? माझ्या बायला नावं ठेवतेस? ती खोटं बोलायची न्हाय. तिनं बघितली म्हंजे बघितली. मीच जाऊन परत उघाडली आसंल...’ आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी संध्याकाळची मोटार निघेपर्यंत तिथेच बसून होते. ते पुन्हा वळले नाहीत.

आता उघाडीला लोखंडी झडप आहे, चाक फिरवलं की खाली येते. लाकडाच्या पाचरीचं काम उरलं नाही. आमची मात्र दारामागे आहे. तेराव्यानंतर काढून ठेवावी म्हणून एकदा हात लावला, पण ठेवायची कुठे? एव्हाना मला तिथी मोजावी लागत नाही. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता कळतं, की खाडी चढू लागली. घरी येते, दार लोटते, मागे बघते. पाचर खिळ्याला असते. म्हणजे आमच्या घराच्या रीतीप्रमाणे उघाडी अजून उघडीच आहे.