शेवटच्या चौकातलं नाव

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही — नवऱ्यापाशीसुद्धा नाही. पण आधी माझा तोरा ऐकून घ्या. इथे अमेरिकेत, फ्रिस्कोत पोवाडा मी उभा केला. मी डफावर थाप मारली की पुण्याचे, नागपूरचे सॉफ्टवेअरवाले फोन खिशात टाकतात. 'बाई कसली पोवाडा गाते?' म्हणून नाक मुरडणारे काका आता फेटा बांधून पहिल्या रांगेत बसतात. अभिमान आहे मला. का नसावा?

ज्या पोवाड्यानं मला नाव दिलं, तो दुष्काळात गावाची विहीर खणणाऱ्या बायकांचा. रचला माझ्या मामानं. मामा साताऱ्याकडचा शाहीर, मला डफ धरायला त्यानंच शिकवलं. आणि आमच्यात रीत अशी — शेवटच्या चौकात, म्हणजे शेवटच्या कडव्यात, रचणाऱ्याचं नाव घ्यायचं. 'शाहीर दत्तू सांगे.'

इथल्याच दुसऱ्या एका शहरात, ट्रॉयला, माझा पहिला मोठा शो होता. हॉल गच्च, टाळ्यांचा ठेका धरलेला. शेवटचा चौक आला आणि मी — कसं सांगू? — 'शाहीर मंजू सांगे' म्हटलं. जीभ घसरली म्हणू? छे! शोला जाताना विमानातच ठरवलं होतं मी.

"अय्या, रचनाही तुमचीच?" एका काकूंनी विचारलं. मी नुसती हसले.

पुढे माझ्या क्लासच्या मुलींनी तो तसाच पाठ केला. एकदा त्यांनी हट्टच धरला — "मंजू मावशी, लेट्स कॉल मामाआजोबा!" व्हिडिओ कॉलवर पोरी गात होत्या, मामा मांडीवर ठेका धरून ऐकत होता. माझं नाव आलं तसा त्याचा हात थांबला. मग म्हणाला, "मंजे, पोरी तालात आहेत हो."

मी काय बोलले? "मामा, जेवलास का?"

गेल्या थंडीत मामा गेला. इथल्या मंडळानं शोकसभा ठेवली. आज त्याचं नाव घ्यायचंच, असं मनाशी पक्कं करून मी डफ घेऊन उभी राहिले. शेवटच्या चौकाला मागून पोरींनी सवयीनं 'शाहीर मंजू' उचललं. मी हात वर केला असता तर थांबल्या असत्या. नाही केला. त्यांच्यावर सूर चढवून मीही माझंच नाव घेतलं.

आणि खरं सांगू? माझा आवाज इतका सुरेख कधीच लागला नव्हता.