पॅसेंजरची शिटी आणि शाळेची घंटा

मास्तरकीत दोनच गोष्टी साठतात, खडूची धूळ आणि किस्से. धूळ निदान झटकता तरी येते!

लोणावळ्याच्या एका हायस्कुलात मी गणित शिकवायचो. लढाईचे दिवस होते. शाळेचं घड्याळ मी रुजू होण्याआधीच बंद पडलेलं. दुरुस्तीचा अर्ज दरवर्षी जायचा आणि कुठंतरी पडून राहायचा. म्हणून आमचे शिपाई दगडूभाऊ, मूळचे तिकोणा पेठेचे, सकाळच्या पॅसेंजरची शिटी ऐकून घंटा द्यायचे. पॅसेंजर लेट, तर शाळा लेट. एकदा लष्कराच्या स्पेशललाच पॅसेंजर समजून त्यांनी घंटा ठोकली. पोरं अजून घरी जेवत होती. हेडमास्तर शिस्तीचे, त्यांनी आम्हा मास्तरांकडूनच प्रार्थना म्हणवून घेतली!

*

खरा घोर मॅट्रिकच्या वर्गाचा होता. पट घसरला तर वर्ग बंद, असं खात्याचं पत्र आलेलं. वर्गात सहा मुलगे आणि एक मुलगी. ती खातून, बाजारातल्या बांगडीवाल्या उस्मानभाईंची. मॅट्रिक होऊन मास्तरीण व्हायचं, हे तिनं पक्कं ठरवलेलं. वर्ग बंद झाला तर मुलगे पुण्याला जाऊन शिकले असते. तिला रोज गाडीनं धाडायला उस्मानभाई तयार नव्हते. तेव्हा वर्ग गेला की तिचं शिक्षणही गेलं, हे सगळ्यांना कळत होतं.

*

त्यातच लष्कराच्या डेपोत नोकऱ्या निघाल्या. वर्गातला एक मुलगा तिकडं निघाला, तेव्हा मी तिथल्या साहेबाला पत्र लिहिलं, की मुलगा फार हुशार आहे, परीक्षेपर्यंत त्याला घेऊ नका. पत्र वाचून साहेब इतका खूश झाला, की त्यानं त्याला त्याच दिवशी ठेवून घेतलं. वर निरोप पाठवला, "असे आणखी असतील तर धाडा." आणखी दोन गेले.

*

मग इन्स्पेक्टर यायचे ठरले. बाक भरलेले दिसावेत म्हणून हेडमास्तरांनी आंबी गावच्या बबनला बोलावलं. तो दोनदा मॅट्रिक नापास होऊन आता शेती बघत होता, घरी दोन लेकरं. इन्स्पेक्टरसाहेबांनी नेमकं त्यालाच उभं करून भूमितीचा सिद्धांत विचारला. बबन सरळ माणूस. म्हणाला, "सायेब, ह्योच प्रश्न मला दोन्ही बारीला आल्ता. दोन्ही बारीला चुकलो."

खातूननं हात वर केला आणि सिद्धांत फळ्यावर सोडवून दाखवला. साहेब 'छान' म्हणाले. पण वहीत त्यांनी बबनचंच लिहून घेतलं.

निघताना त्यांनी दगडूभाऊंना हटकलं, शाळा तासभर उशिरा कशी भरली?

"सायेब, गाडी लेट व्हती. तुमी बी त्याच गाडीनं आलासा न्हवं? मंग तुमी बी येळंवर, आन् शाळा बी येळंवर!"

साहेब हसले नाहीत.

*

महिन्याभरात वर्ग बंद करण्याचा हुकूम आला. उरलेल्या तिघांनी पुण्याची वाट धरली. त्या संध्याकाळी उस्मानभाई शाळेत आले. मला वाटलं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच दगडूभाऊंजवळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, उद्या घंटा देऊ नका. घंटा ऐकली की पोर दप्तर उचलते."

लेकीला हुकमाचं सांगायचा धीर त्यांना झाला नव्हता. मलाही झाला नाही. इतकी वर्षं गणित शिकवलं, पण त्या दिवसाइतकं नालायक मला कधीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजर अगदी वेळेवर आली. शिटी साऱ्या गावानं ऐकली. दगडूभाऊ हातोडा धरून उभेच राहिले. पोरं पटांगणात, आम्ही व्हरांड्यात, आणि हेडमास्तरांनीही त्यांना हटकलं नाही.

थोड्या वेळानं फाटकातून खातून आली, दप्तर छातीशी धरून.

"भाऊ, गाडी आली की. घंटा का नाही दिली?"

दगडूभाऊंनी हातोडा पाठीमागं लपवला.

"न्हाई पोरी, ती स्पेशल व्हती. आपली गाडी आज लय लेट हाय."

"बरं," म्हणाली, आणि पायरीवर बसून गणिताची वही उघडली.