कानटोपी द्यायला आलेली आई

यजमान गेल्यानंतरही दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जाणं मी सोडलं नव्हतं. पण तिथे उभी राहून मी काय म्हणत होते, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. हात जोडले जायचे, ओठ हलायचे आणि मन विचारायचं, ऐकतंय का कुणी? हे बोलायचं तरी कुणाजवळ? धायरीतल्या एका लहानशा शाळेत मी बालवर्गाला शिकवते. मुलांकडून रोज प्रार्थना म्हणून घेणाऱ्या बाईच्या तोंडी असली शंका शोभत नाही, एवढं मला कळत होतं.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. त्या आठवड्यात थंडीने पुण्याला अगदी गारठवून टाकलं होतं. आमच्या वर्गात सकाळचं ऊन येत नसे. स्वेटर घालूनही मुलांची बोटं इतकी गार पडायची की हातात खडू धरवत नसे. शाळेत मदतीला असणाऱ्या मालनताईंना ते बघवेना. त्यांच्या यजमानांचं इस्त्रीचं दुकान आहे. तिथल्या कोळशाने शेगडी पेटवून त्या एका सकाळी घेऊन आल्या. "लेकरं गारठल्यात बाई. जरा ऊब हुईल," म्हणाल्या. मुलांचा हात लागणार नाही अशा बेताने शेगडी कोपऱ्यात ठेवली, वारा येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या आणि दार ओढून घेऊन त्या पाणी तापवायला गेल्या. मलाही ती ऊब सुखाची वाटली.

मी गोष्ट सांगत होते. हळूहळू मुलं शांत होत गेली. एकाने सतरंजीवर डोकं टेकवलं, मग दुसरीने. माझं कपाळ ठणकत होतं, पण झोप नीट झाली नसेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग जीभ जड झाली. गोष्टीत पुढे काय होतं ते आठवेना. उठायला गेले तर पाय उचलेनात. भीतीसुद्धा वाटली नाही, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो. मनात एवढंच आलं, दत्ता, ही लेकरं तुझी. ते मागणं नव्हतं. हातातली वस्तू निसटावी, तसं ते आतून निसटलं.

तेवढ्यात दार उघडलं. दारात आमच्या वर्गातल्या यशूची आई उभी होती. ही बाई मूळची नागपूरकडची, इथे आयटी कंपनीत नोकरीला. सकाळी लेकीला सोडून नेहमी घाईने निघून जाणारी. "टीचर, यशूची कानटोपी..." एवढं बोलून ती थबकली. "अहो, ही सगळी झोपली का आहेत? टीचर, उठा! बाहेर चला!" आणि मग तिने जे केलं, ते मी विसरणार नाही. यशू पलीकडे भिंतीशी पडली होती. आई आधी तिच्याकडे धावली नाही. दारापासून सुरुवात करून हाताला लागेल ते मूल ती उचलत गेली, अंगणात उन्हात ठेवून परत येत गेली. तिच्या हाका ऐकून मालनताई धावत आल्या. त्यांनी पेटती शेगडी नुसत्या हातांनी धरून बाहेर ओढली. यशूची पाळी आली तेव्हाच आईने यशूला उचललं. शेवटी खांद्याचा आधार देऊन तिने मलाही बाहेर आणलं.

बाहेरच्या गार हवेत मुलं खोकली, ओकली आणि एकदम रडायला लागली. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. दवाखान्यात काहींना ऑक्सिजन लावावा लागला. संध्याकाळपर्यंत सगळी आपापल्या घरी गेली. "बंद खोलीत कोळसा पेटवला की असा वायू होतो, बाई. ना दिसतो, ना वास येतो. अजून थोडा वेळ गेला असता तर..." डॉक्टर म्हणाले.

मालनताई उद्यापासून येणार नाही म्हणून रडत बसल्या होत्या. यशूच्या आईने त्यांचे पट्ट्या बांधलेले हात अलगद धरले. "मावशी, तुम्ही आला नाहीत तर आमची यशू डबा कुणाच्या हातून खाणार?" शाळेच्या मोठ्या बाईंनीही कुणावर आवाज चढवला नाही. आता आमचा वर्ग पूर्वेच्या खोलीत भरतो, थंडीत शाळा उशिरा सुरू होते, पहिला तास अंगणात उन्हात होतो आणि आत एक खिडकी कायम उघडी असते.

त्या संध्याकाळी मी यशूच्या आईला म्हटलं, "देवच आला तुमच्या रूपाने." ती अवघडली. "टीचर, आम्ही बौद्ध आहोत. देव आला वगैरे मी नाही म्हणणार. ऑफिसजवळच्या सिग्नलला थांबले तेव्हा गाडीच्या हुकाला टोपी दिसली. मीटिंग होती. वाटलं, जाऊ दे, एक दिवस नसली तर काय होतंय? तरी गाडी वळवली. का, ते नाही सांगता येत."

मी वाद घातला नाही. गाडी कुणी वळवली याचा शोध घ्यावासा मला वाटत नाही. ती वळली, आमची लेकरं वाचली, यातच मी भरून पावले.

परवा शाळा सुटल्यावर यशूला न्यायला आलेल्या तिच्या आईला सहज विचारलं, "तुमच्या वंदनेत काय म्हणता हो?"

"शरण जातो म्हणतो, टीचर. तीनदा."

"तीनदा का?"

ती हसली. "एकदा म्हणून माणूस जातो थोडाच?"

मला त्या सकाळी एकदाच शरण जाता आलं, तेही पाय उचलत नव्हते म्हणून. बाकीचं अजून शिकते आहे.