माडाच्या आळ्यातली पापलेटं

अंधेरीच्या आमच्या घरापुढे एक माड होता. त्या माडाने जेवढी पापलेटं खाल्ली, तेवढी आमच्या सात पिढ्यांनी मिळून खाल्ली नसतील. अतिशयोक्ती करतोय असं वाटेल. करतोयच, पण थोडीशीच. त्या माडाच्या नारळाची सोलकढी केली की तिला मासळीचा असा मंद वास यायचा की आमच्याकडे आलेले एक सोवळे पाहुणे वाटीवर वाटी पिऊन "काय हो सुगंध तुमच्या नारळाला!" म्हणत कायमचे बाटले. ही गोष्ट मी आजवर शपथेवर सांगत आलो आहे.

माडाला पापलेटं घालायची ती आमच्या गल्लीत येणारी कोळीण. वेसाव्याहून डोक्यावर पाटी घेऊन पायी यायची. तिने "म्हावरंऽऽ" अशी हाक दिली की तिकडे आरे कॉलनीतल्या म्हशी पान्हा चोरायच्या आणि त्या दिवशी गल्लीत दूध कमी पडायचं. बाई अंगाने सडपातळ होती. एवढा आवाज ती कुठे साठवून ठेवायची, देव जाणे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा अर्थशास्त्र घेऊन बी. ए. करत होतो. गल्ली आमची कचेरीत जाणाऱ्या, मासे खाणाऱ्या माणसांची. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि एकादशी सोडली की उरलेल्या दिवशी रात्रीच्या पानात मासा हवाच. पण रात्रीच्या, हे महत्त्वाचं. मासा सकाळी घेतला काय आणि दुपारी घेतला काय, कढईत पडायचा तो संध्याकाळीच. तेव्हा बायकांना घाई नव्हती. घाई होती ती कोळणीला. ऊन चढत जाई आणि पाटीतला माल मऊ पडत जाई. मग बायका काय करायच्या, तर सकाळी दारं लावून बसायच्या आणि ऊन डोक्यावर आलं की बाहेर येऊन निम्म्या भावात मागायच्या.

अशा वेळी ती कोळीण उठायची, पाटी कमरेवर घ्यायची आणि उरलेला माल आमच्या माडाच्या आळ्यात ओतायची. चांगली, डोळे चमकणारी पापलेटं! वर पायाने माती लोटायची आणि रिकामी पाटी हलवत निघून जायची.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आई छातीवर हात मारत धावली. "अगं मेले, फेकतेस काय? मला दे की!"

"तुला दिला तं उद्या सकाली तू दार उघरशील काय गो बाय?" ती म्हणाली आणि गेली.

"डोकं फिरलंय तिचं," वडील रात्री म्हणाले. "माल मातीत घालण्यापेक्षा निम्मे पैसे बरे, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

मी ताजं ताजं अर्थशास्त्र शिकत होतो, तेव्हा पाटावर बसल्या बसल्या व्याख्यान ठोकलं. ती आज नुकसान सोसते ते उद्याच्या सकाळसाठी. दुपारी स्वस्त मिळतं हे एकदा ठरलं की सकाळचा भाव देणार कोण? आळ्यात मासे ओतते ती माडासाठी नाही, गल्लीतल्या खिडक्यांसाठी. आपल्याला थांबता येतं, हे ती खिडक्यांना दाखवते.

"तुझ्या पुस्तकात कालवण कसं करतात ते दिलंय का?" आई म्हणाली. "नाही ना? मग गप जेव."

पण गल्लीने धसका घेतला. समोरच्या हेडमास्तरीणबाईंनी आमच्या ओट्यावर सभा बोलावली. हेडमास्तर शाळेत पोरांवर जेवढा दरारा बसवत, त्याच्या दसपट बाई नुसत्या चहा ओतताना बसवत. ठराव झाला की भर दुपारच्या आधी कुणीही दार उघडायचं नाही. जी उघडेल तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद. तुळशीपुढे शपथा झाल्या.

दुसऱ्या दिवशी गल्ली मसणवटीसारखी शांत. कोळणीने एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि मग ती घरांच्या मागच्या बाजूला वळली. परसदारं मात्र एकेक करून किलकिली झाली. पहिलं किलकिलं झालं ते हेडमास्तरीणबाईंचं. आमच्या आईने मांदेली घेतली आणि कुणी पाहू नये म्हणून न्हाणीघरातल्या गार बंबाखाली लपवली. पुढे आठवडाभर आम्ही सगळे मांदेलीच्या वासाने दरवळत कामाला जात होतो. रात्री प्रत्येक घरातून तळणीचा खमंग वास आणि प्रत्येक घरातून एकच खुलासा, "सुका बोंबील भाजतेय हो!"

मला ठराव मोडल्याचं नवल वाटलं नाही. सगळ्यांनी दारं लावली की जी एक उघडते तिला पाटीतला सगळ्यात चांगला मासा मिळतो, मग प्रत्येकीलाच ती एक व्हायचं असतं. कोळीण हे माझ्याआधी ओळखून होती. प्रत्येक परसदारी ती हळूच म्हणायची, "तुजीच भवानी हाय बाय, तुलाच पयला दिला." आणि दिवसाची ही पहिली विक्री आपलीच, अशा खुशीत प्रत्येक घर सकाळचा भाव मोजायचं.

असं चाललं होतं ते त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेपर्यंत. होड्या समुद्रात गेल्या आणि काही दिवसांनी वारा सुटला. वारा तो असा की हेडमास्तरांचं दोरीवरचं धोतर घाटकोपरला एका पिंपळावर सापडलं म्हणतात. वारा पडल्याच्या दुसऱ्या सकाळी कोळीण आली. आली हे कुणाला कळलंच नाही, कारण हाक नव्हती. आई दारात रांगोळी घालायला गेली तर ही आमच्या पायरीवर बसलेली, पुढ्यात पाटी.

"काय गं, आज एवढी लवकर?"

"काय द्याचं ते दे बाय."

"म्हणजे?"

"आनि काय म्हंजे? दे नि घे."

आईने कधी नव्हे तो भीत भीत निम्म्याहून कमी भाव सांगितला. कोळणीने मान डोलावली आणि दोन मोठे सरंगे उचलून दिले. हे समोरच्या खिडकीतून दिसलं. क्षणात अख्खी गल्ली ताटं, पातेली, मिळेल ते घेऊन आमच्या पायरीपाशी जमली. कुणी फुकट वाटतंय असा गोंधळ! पाटी रिकामी झाली. कोळीण उठून चुंबळ झटकू लागली तेव्हा आईला राहवलं नाही.

"आज झालंय काय तुला?"

"दुसऱ्यांच्या नावा आल्या, आमची आली नाय," ती म्हणाली. "घरवाला हाय नावेवर. किनाऱ्याला जाते."

आणि ती पळतच गेली. वेसाव्याच्या रस्त्याने तिला पळताना मी पाहिलं. बायका ताटं हातात धरून उभ्या होत्या. मग एकेक जण आत गेली. मासे रात्री तळले गेले. ताजे होते.

नाव आलीच नाही. गल्लीत पुढे कित्येक दिवस त्याची हळहळ चालली होती, आणि ती खोटी नव्हती. हेडमास्तरीणबाईंनी तर देवापाशी दिवा लावला होता.

मग एका सकाळी कोळीण पुन्हा आली. हातातल्या हिरव्या बांगड्या गेल्या होत्या, आवाज होता पण आता तो गल्लीच्या टोकापर्यंतही पोचेना. घरची नाव गेल्यामुळे किनाऱ्यावरच्या लिलावात रोख देऊन माल घ्यावा लागत होता. घरी चार पोरं. तिने जुनाच भाव सांगितला. एकेका दारातून बायका बाहेर आल्या, डोळ्यांना पदर लावला.

"फार वाईट झालं गं बाई. देवाला कसं बघवलं! बरं, हा मोठा वाटा केवढ्याला?"

तिने सांगितलं.

"छे गं, दुपारी बघू."

या वेळी सभा झाली नव्हती. ठराव नव्हता, शपथ नव्हती, हळदीकुंकवाची धमकी नव्हती. तरी त्यानंतर ऊन डोक्यावर येईपर्यंत गल्लीतलं एक दार पुन्हा उघडलं नाही, पुढचं नाही की परसातलं नाही. तुळशीपुढे शपथ घेऊन जे एक दिवस टिकलं नाही, ते आता आपोआप टिकलं. नावेच्या दिवशी प्रत्येकीने पाहिलं होतं की ही कशी देते. आता हिला थांबता येत नाही, हे सगळ्यांना कळलं होतं आणि कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. आमची आई दाराआड उभी होती. कडीवर हात होता, पण कडी निघाली नाही.

दुपारी कोळीण उठली, पाटी कमरेवर घेतली आणि माडाकडे गेली. खिडक्या भरल्या. तिने पाटी पालथी केली. सगळा माल आळ्यात. मग ती तशीच उभी राहिली. पूर्वी ती मागे वळून बघत नसे, या वेळी तिने एकेका खिडकीकडे बघितलं. कुणी धावत आलं नाही. "अगं मेले" म्हणून कुणी छातीवर हात मारला नाही.

थोड्या वेळाने ती खाली बसली आणि मातीतली पापलेटं एकेक वेचून पाटीत ठेवू लागली. आमच्या नळावर धुतली. पुन्हा आमच्या पायरीवर येऊन वाटे लावले.

"ये गो बाय," ती म्हणाली. "काय द्याचं ते दे."

तेव्हा कडी निघाली.

त्यानंतर काही महिने गल्लीने इतकी स्वस्त मासळी खाल्ली की माड उपाशी राहिला आणि गल्लीतला बोका लठ्ठ होऊन भिंतीवर चढेना. मग कोळीण यायची बंद झाली. लिलावात द्यायलाही काही उरलं नाही, असं पाववाल्याकडून कळलं. ती किनाऱ्यावर व्यापाऱ्यांच्या टोपल्या वाहते म्हणे. तिचा माग काढायला कुणी वेसाव्याला गेलं नाही.

तिच्या जागी एक हातगाडीवाला आला. गाडीवर लाकडी पेटी, पेटीत भुसा आणि बर्फ. भाव तिच्या सकाळच्या भावाहून चढा. पहिल्या दिवशी आई नेहमीच्या सवयीने दार लावून बसली आणि ऊन डोक्यावर आल्यावर बाहेर गेली.

"काय रे, आता काय भावाने देणार?"

"सकाळचाच भाव, बाई."

"अरे, दुपार झाली. माल खराब होईल तुझा."

त्याने झाकण उचलून बर्फ दाखवला, झाकण पाडलं आणि गाडी पुढे ढकलली. आईने त्याला हाक मारून परत बोलावलं नाही, की मासाही घेतला नाही.

त्या रात्री आमच्याकडे आमटी-भात होता. वडिलांनी पानाकडे पाहिलं. आई वाढता वाढता थांबली.

"ती असती ना," आई म्हणाली, "तर एव्हाना माडाशी खाली बसली असती."

वडील भात कालवत राहिले.