पप्पांचा हात वायपरवरच जातो

मी इथं कधी काय लिहीत नाय, आज लिहितो.

माझे पप्पा मस्कतला ड्रायव्हर होते, आता कायमचे घरी आलेत. चाकणला कंपनीच्या गाडीवर काम मिळतंय, पण तिकडचं लायसन बदलून इथलं घ्यावं लागतं. आज आरटीओत त्याची टेस्ट होती, मीबी सोबत गेलतो.

तिकडं स्टेअरिंग डावीकडं, इंडिकेटरबी उलट्या हाताला. वळताना पप्पांनी सवयीनं इंडिकेटरऐवजी वायपर चालू केला.

टेस्ट घेणारे साहेब म्हणले, "काका, पाऊस कुठंय?"

पुढच्या वळणाला परत तेच. नापास केलं.

येताना पप्पा म्हणले, "उद्या मैदानात सराव करतो, माझ्या शेजारी बस. वायपरला हात गेला की हातावर फटका मार."

पप्पा कायम लांबच राहिले, मला त्यांच्याशी अजून नीट बोलता येत नाय. तुमी मारला असता का फटका?